वाचकांचे प्रश्न : पद तेच, शहर वेगळं, मग पगारात फरक नेमका किती?

गेल्या अंकात आपण बढतीवर बाहेरगावी जावं की नाही यावर पत्रं मागवली होती. बरीच आली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच प्रकारच्या कामातली निघाली, म्हणजे धोरण विभागातली, पॉलिसीच्या फाइली हाताळणारी, हाताखाली चार-आठ माणसं असलेली. बाहेरच्यांना वाटतं की अशा पदाचा पगार देशभर एकच असणार, पण पद तेच, लेव्हल (म्हणजे वेतनश्रेणी) तीच आणि हातात येणारे पैसे मात्र मुंबईत वेगळे, नाशिकला वेगळे, रत्नागिरीला वेगळे. मी आयुष्यभर आस्थापना शाखेत पगारबिलं केली, त्यामुळे या विषयावर मला मनापासून सांगायचंय, कारण चुकीच्या आकड्याकडे बघून बदली नाकारणारी खूप हुशार माणसं मी बघितली आहेत. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल ती आधीच सांगते. शहरामुळे पडणारा फरक तुमच्या भत्त्यात पडतोय की बेसिकमध्ये, म्हणजे मूळ वेतनात, ते पहिलं बघा. भत्त्यातला फरक बदलीबरोबर येतो आणि जातो, बेसिकमधला फरक निवृत्तीपर्यंत सोबत राहतो.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मुंबईला आहे, लेव्हल ११, नुकतीच बढती झालीय, बेसिक ६७,७००. हाताखाली आठ जण आहेत, काम नियम आणि धोरणाच्या मसुद्यांचं. नागपूरला तेच पद रिकामं आहे आणि मला विचारणा झालीय. सगळे म्हणतात मुंबईचा पगार सोडून जाऊ नकोस. मुंबईत भाडं ४२,००० देतो, नागपुरात १८,००० मध्ये चांगलं घर मिळतंय. क्वार्टरसाठी नाव लावलंय पण नंबर लांब आहे. काय करू? (एक वाचक, मुंबई)

दादा, आधी "मुंबईचा पगार" म्हणजे काय ते फोडून बघू, कारण अख्ख्या कुटुंबाचा निर्णय यावर आहे. तुमचं बेसिक ६७,७०० मुंबईतही तेच आणि नागपुरातही तेच. त्यावर डीए म्हणजे महागाई भत्ता, मी जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के धरतेय, तो ३९,२६६, तोही दोन्हीकडे सारखा. म्हणजे १,०६,९६६ रुपयांपर्यंत शहराचा काहीही संबंध नाही. शहर येतं ते पुढे, एचआरएमध्ये, म्हणजे घरभाडे भत्त्यात. त्यासाठी लोकसंख्येवरून गावांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग केलेत. मुंबई एक्स वर्गात, तिथे बेसिकच्या ३० टक्के म्हणजे २०,३१०. नागपूर वाय वर्गात, २० टक्के म्हणजे १३,५४०. राहिला वाहतूक भत्ता. त्यात लोकांना वाटतं नागपूरला निम्मा मिळेल, पण तसं नाहीये, जास्त दराच्या ज्या १९ शहरांची यादी आहे तिच्यात मुंबई आणि पुण्याबरोबर नागपूरही आहे. लेव्हल ९ आणि वरच्यांना तिथे ७,२०० अधिक त्यावर डीए, म्हणजे ११,३७६, दोन्हीकडे.

बेरीज केली की मुंबईत १,३८,६५२ आणि नागपुरात १,३१,८८२. फरक ६,७७० रुपयांचा, तोही कापाकापीच्या आधीचा. एनपीएसचे, म्हणजे पेन्शन योजनेचे, १० टक्के बेसिक आणि डीएवर कापले जातात त्यामुळे ते सारखेच, सरकारचे १४ टक्केही सारखे, व्यवसाय कर राज्याचा म्हणून तोही सारखा. आता तुमच्याच आकड्यांनी बघा, भाड्यात २४,००० वाचतात आणि पगारात ६,७७० जातात, म्हणजे महिन्याला १७,२३० रुपये तुमच्या हातात जास्त राहतात (टॅक्समुळे थोडं इकडेतिकडे होईल, कारण नव्या पद्धतीत एचआरएची सूट नाही आणि जुन्यात आहे, ते तुमच्या सीएकडून बघून घ्या). जे लोक मुंबईचा पगार सोडू नकोस म्हणतायत ते पगारपत्रकाचा खालचा आकडा बघतायत, घरमालकाला जाणारा बघत नाहीयेत.

आता क्वार्टरचा मुद्दा. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. समजा उद्या अँटॉप हिलला तुमच्या लेव्हलचं टाइप फोर क्वार्टर मिळालं, तर एचआरए बंद होतो, नाममात्र लायसन्स फी कापली जाते आणि पगार उरतो १,१८,३४२. नागपूरला भाड्याने राहिलात तर १,३१,८८२ मधून १८,००० गेले की उरतात १,१३,८८२. म्हणजे क्वार्टर मिळत असेल तर मुंबई सुमारे साडेचार हजारांनी पुढे, मिळत नसेल तर नागपूर सतरा हजारांनी पुढे. आणि दोन्हीकडे क्वार्टर मिळालं तर पगार जवळपास रुपयाला रुपया सारखा. म्हणून आजच दोन ठिकाणी चौकशी करा, मुंबईत तुमचा नंबर खरोखर कुठे आहे आणि नागपूरला तुमच्या टाइपचं क्वार्टर रिकामं आहे का. हे कागदावर आल्याशिवाय होकार किंवा नकार कळवू नका. पत्नीही केंद्र सरकारी नोकरीत असेल आणि त्याच गावात एकाच्या नावावर क्वार्टर असेल तर दुसऱ्याचाही एचआरए बंद होतो, हे लक्षात असू द्या, पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही.

अजून एक. बदली प्रशासनाच्या आदेशाने होतेय की तुमच्या विनंतीवरून, हे ऑर्डरमध्ये कसं लिहिलंय ते बघा. प्रशासकीय बदली असेल तर सामान हलवणं, प्रवास वगैरे सोडून बेसिकच्या ८० टक्के एकरकमी मिळतात, तुमच्या बाबतीत ५४,१६०. विनंतीवरून असेल तर ते साधारणपणे मिळत नाहीत. त्यांनी तुम्हाला विचारलंय, तुम्ही मागितलेली नाही, तर "विनंती अर्ज द्या" असं कुणी सहज म्हणालं तरी अर्ज लिहून देऊ नका.

आणि काम म्हणाल तर नागपूर म्हणजे आडबाजूला पडणं असंही नाही. धोरणाची कामं दिल्लीबाहेरही चालतात, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालयच नागपूरला आहे, वस्त्रोद्योग आयुक्तांचं आणि नौवहन महासंचालनालयाचं मुंबईत आहे. तुमच्या केडरमध्ये पुढची बढती कुठून होते ते ज्येष्ठांना विचारा, कारण लेव्हल १२ ची सुरुवात ७८,८०० आहे आणि ती बढती एक वर्ष आधी मिळाली तर शहराचा सगळा हिशोब मागे पडतो.

प्रश्न : मग नाशिक किंवा रत्नागिरीला गेलं तर? (याच अर्थाची तीन पत्रं)

हाच हिशोब, लेव्हल ११, पहिली पायरी. नाशिक वाय वर्गात आहे म्हणून एचआरए नागपूरएवढाच, पण वाहतूक भत्त्याच्या यादीत नाशिक नाही, तिथे ३,६०० अधिक डीए, एकूण १,२६,१९४. रत्नागिरी झेड, एचआरए १० टक्के म्हणजे ६,७७०, एकूण १,१९,४२४. मुंबई ते रत्नागिरी फरक १९,२२८. कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, सांगली, नांदेड हे सगळे वाय मध्ये आहेत, त्यांचं गणित नाशिकसारखं.

पुणेकरांसाठी थोडं जुनं, पुणे १ एप्रिल २०१५ पासून एक्स वर्गात आलं, अहमदाबादबरोबर, कारण २०११ च्या जनगणनेत पुण्याची नागरी लोकसंख्या ५० लाखांच्या जरा वर गेली होती. ५० लाखांच्या वर एक्स, ५ लाखांच्या वर वाय, बाकी सगळं झेड, एवढाच निकष आहे. घरभाडं त्या गावात खरं किती आहे हे कुणी मोजत नाही. आणि वर्गवारी अजूनही २०११ च्या आकड्यांवर चाललीय, त्यानंतर पंधरा वर्षांत जी गावं फुगली, जिथे भाडी दुप्पट झाली, तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याच जुन्या वर्गाचा भत्ता मिळतो. हे मला अन्यायाचं वाटतं आणि संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

प्रश्न : ताई, माझी पणजीला बदली होतेय. गोव्यात पाच लाखांचं एकही शहर नाही, मग मला झेडचा १० टक्के एचआरए मिळणार का? (एक वाचक, बेळगाव)

नाही, वायचा २० टक्के मिळेल. गोव्याला केंद्र सरकारची खास सवलत आहे, शिलाँग आणि पोर्ट ब्लेअरलाही (आताचं श्री विजयपुरम) तशीच आहे, लोकसंख्येने बसत नसले तरी तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना वाय वर्गाच्या दराने एचआरए मिळतो. वाहतूक भत्ता मात्र कमी दराचा. पहिलं पगारपत्रक आलं की एचआरएची टक्केवारी डोळ्याने तपासा, आणि १० टक्के लागला असेल तर तसा अर्ज लगेच द्या, एरिअर्ससह मिळतं.

प्रश्न : मी मंत्रालयात कक्ष अधिकारी आहे, दोन वर्षं झाली. माझी मैत्रीण दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, तिला सहा वर्षं झाली. काम तेच, शाखा सांभाळायची, टिपण्या तपासायच्या, धोरणाचे मसुदे वर पाठवायचे. तिचा पगार माझ्यापेक्षा खूप जास्त आहे. मुंबई दिल्लीपेक्षा महाग आहे तरी असं का? खूप वाईट वाटतं. (एक वाचक, डोंबिवली)

तुम्हाला वाटणारं वाईट मी समजू शकते, पण शहराला दोष देऊ नका, इथे शहराचा काही हात नाही. मुंबई आणि दिल्ली दोन्ही एक्स. तुमची वेतनश्रेणी एस-१७, सुरुवात ४७,६००. दिल्लीच्या सेक्शन ऑफिसरची लेव्हल ८, सुरुवात ४७,६००. पहिल्या दिवशी दोघींचं बेसिक एकच, आणि ३० टक्क्यांनी एचआरएही एकच, १४,२८०.

मग फरक कुठून येतो? सगळ्यात मोठा फरक वर्षांचा आहे. दिल्लीत सेक्शन ऑफिसरला चार वर्षं झाली की लेव्हल १० मिळते, तिची सुरुवात ५६,१०० आहे, आणि तुमच्या मैत्रिणीला सहा वर्षं झालीत. तुम्ही आज तिच्या सहाव्या वर्षाची तुलना तुमच्या दुसऱ्या वर्षाशी करताय. तिचं दुसऱ्या वर्षाचं जुनं पगारपत्रक मागा आणि तुमच्याशेजारी ठेवून बघा, निम्मं दुःख तिथेच कमी होईल.

उरलेला फरक मात्र खरा आहे. केंद्राचा डीए आधी जाहीर होतो आणि राज्याचा निर्णय मागाहून येतो, जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के केंद्राने मार्चमध्ये जाहीर केला, आपला जीआर ऑगस्टमध्ये निघाला. थकबाकी मिळते हो, पण मधले महिने घराचा हप्ता जुन्याच पगारातून भरावा लागतो. वाहतूक भत्त्यातही फरक आहे, केंद्रात मूळ रकमेवर डीए चढत जातो, राज्यात एकरकमी आकडा ठरलेला आहे आणि तो तिथेच थांबतो. आणि वेतन आयोगाचं वेळापत्रक तर तुम्हाला माहितीच आहे, सातवा आयोग राज्याने १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला पण प्रत्यक्ष पगारात आला २०१९ मध्ये, बक्षी समितीनंतर, मधली थकबाकी पाच हप्त्यांत.

एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा जास्त टोचते, ती म्हणजे तुमच्या हाताखालच्यांची. मंत्रालयातल्या सहायक कक्ष अधिकाऱ्याची सुरुवात एस-१४, ३८,६००, आणि दिल्लीतल्या असिस्टंट सेक्शन ऑफिसरची लेव्हल ७, ४४,९००. म्हणजे देखरेख करणाऱ्याचं सुरुवातीचं बेसिक दोन्हीकडे सारखं आणि ज्याच्यावर देखरेख करायची त्याचं मुंबईत ६,३०० ने कमी, आणि तो बिचारा कर्जत-कसारा-विरारवरून रोज येतो. शाखा चालते ती या लोकांवर. कक्ष अधिकारी म्हणून तुमच्या संघटनेत बोलायची संधी मिळाली तर आधी त्यांच्यासाठी बोला.

प्रश्न : मी पुण्यात राज्य सेवेत आहे, गट अ, एस-२०. गडचिरोलीला नियोजनाच्या कामावर जा म्हणतात, तिथे टीम माझी असेल, काम मला आवडतं. ऑफिसात कुणी म्हणतं पगार वाढेल, कुणी म्हणतं कमी होईल. बायको आणि मुलगी पुण्यातच राहतील. (एक वाचक, पुणे)

दोघंही खरं बोलतायत, दोन वेगवेगळ्या ओळींबद्दल. कमी होणारी ओळ एचआरएची. ५६,१०० बेसिक धरलं तर पुण्याचे १६,८३० जाऊन गडचिरोलीचे ५,६१० येतात, ११,२२० कमी. वाढणारी ओळ एकस्तरची. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला तो तिथे असेपर्यंत वरच्या बढतीच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, शिवाय मूळ वेतनाच्या १५ टक्के पण जास्तीत जास्त १,५०० रुपये प्रोत्साहन भत्ता. १,५०० ही रक्कम आज फार कमी वाटते आणि आहेच, पण एकस्तर मात्र मोठी गोष्ट आहे कारण ती बेसिक उचलते आणि बेसिकवर डीए, एचआरए सगळं चढतं.

पण ही उचल उसनी आहे, तिथून बदली झाली की वेतन मूळ पदावर परत येतं. मी पगारबिलं करायचे तेव्हा परत आलेल्या अधिकाऱ्यांची वेतननिश्चिती हा कायम भांडणाचा विषय असायचा, जास्तीची रक्कम वसूल करायची पत्रं निघायची, माणसं हादरून जायची. म्हणून तीन कागद जायच्या आधीच मागा. तुमच्या पदाच्या वरचं बढतीचं पद कुठलं धरणार, तुम्ही ज्या तालुक्यात बसणार तिथे एकस्तर आजच्या तारखेला लागू आहे का, आणि परत आल्यावर तुमचं वेतन कुठल्या पायरीवर येणार. तोंडी सांगितलेलं ऐकून निघू नका, आस्थापनेकडून लेखी घ्या आणि सेवापुस्तकात नोंद झाल्याची खात्री करा.

बायको-मुलगी पुण्यात म्हणजे घरं दोन, आणि पुण्याच्या भाड्याला आता पुण्याचा एचआरए नाही. केंद्राच्या नोकरीत ईशान्य भारतात गेलेल्या माणसाला जुन्या गावातल्या कुटुंबासाठी एचआरए चालू ठेवता येतो, शिवाय बेसिकच्या १० टक्के विशेष भत्ता असतो, त्यावरून काही जण समजतात की आपल्याकडेही दुर्गम भागात तेच असणार. ते गृहीत धरू नका. तरीही मी तुम्हाला जा असं म्हणेन, तुम्ही लिहिलंय की काम आवडतं, आणि जिल्ह्याचं नियोजन स्वतःच्या हातात असणं हा अनुभव पुण्यातल्या टेबलावर मिळत नाही. फक्त पैशाचा हिशोब डोळे उघडे ठेवून करून जा.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे, तिथे केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्याला सुपरवायझरी पॉलिसी अ‍ॅनलिस्ट म्हणून जीएस-१४ ची पोस्ट मिळू शकते, एक वॉशिंग्टनला आणि एक छोट्या गावात. तो म्हणतो पगारात मोठा फरक आहे. एकाच सरकारची एकच ग्रेड, मग असं कसं? आम्हाला नीट समजावून सांगाल का? (एक वाचक, ठाणे)

सांगते, कारण आपल्यापेक्षा तिथली पद्धत मुळातच वेगळी आहे. तिथे जनरल शेड्यूल म्हणून देशभराचा एक तक्ता असतो, १५ ग्रेड, प्रत्येकीत १० पायऱ्या. २०२५ च्या तक्त्यात जीएस-१४ च्या पहिल्या पायरीचं मूळ वेतन वर्षाला १,०६,३८२ डॉलर. त्यावर भागानुसार टक्केवारी चढते, तिला लोकॅलिटी पे म्हणतात, १९९४ पासून चालू आहे. वॉशिंग्टनच्या भागाला ३३.९४ टक्के, म्हणजे १,४२,४८८ डॉलर. ज्या गावांना स्वतंत्र भाग नाही ती सगळी "उरलेली अमेरिका" या एका गटात, तिथे १७.०६ टक्के, म्हणजे सुमारे १,२४,५३० डॉलर. फरक वर्षाला जवळजवळ १८,००० डॉलरचा. वरून एक मर्यादाही आहे, २०२५ मध्ये १,९५,२०० डॉलर, त्यामुळे महागड्या शहरांत वरच्या ग्रेडचे लोक त्या छताला जाऊन अडकतात.

दोन गोष्टी मुलाशी बोला. ही टक्केवारी महागाईवरून ठरत नाही, त्या भागातल्या खासगी आणि इतर नोकऱ्यांत तशाच कामाला किती पगार मिळतो त्यावरून ठरते. म्हणजे एखाद्या गावात घरं महाग पण पगार कमी असतील तर सरकारी टक्काही कमीच राहतो, घरभाडं त्याने स्वतः वेगळं बघायला हवं. दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तिथे लोकॅलिटी पे पेन्शनच्या हिशोबात धरलं जातं. पेन्शन सगळ्यात जास्त पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीवर निघते, तेव्हा शेवटची काही वर्षं वॉशिंग्टनला काढली की फायदा जन्मभर. आपल्याकडे एचआरए पेन्शनमध्ये कुठेच येत नाही. म्हणून मुंबईत निवृत्त झालेल्याची आणि रत्नागिरीत निवृत्त झालेल्याची पेन्शन, बेसिक सारखं असेल तर, सारखीच. मुलगा तिशीत असेल तर आज गाव निवडायला हरकत नाही, पन्नाशीच्या पुढे असेल तर मात्र विचार करावा.

प्रश्न : मॅम, मी एका खासगी कंपनीत पब्लिक पॉलिसीची टीम लीड आहे, पुण्यात, माझ्याखाली चार जण आहेत. काम निम्मं घरूनच असतं. आईची तब्येत बरी नसते म्हणून कोल्हापूरला जाऊन काम करायचंय. एचआर म्हणतं लोकेशन बदललं की पे बँड बदलेल, पगार १५ टक्के कमी होईल. दिल्ली ऑफिसमधल्या माझ्या बरोबरीच्या मुलाला तर माझ्यापेक्षा आधीच जास्त आहे. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

बाळा, कंपनीला पे बँड ठेवायचा अधिकार आहे, पण तो पगाराच्या कुठल्या भागाला लावायचा यावर तू बोलू शकतेस आणि बोललीच पाहिजेस. वरची सगळी सरकारी उत्तरं वाच, तिथे गाव बदललं तरी बेसिकला कुणी हात लावत नाही, फक्त भत्ता बदलतो, उद्या परत मुंबईला आलं की भत्ता परत. तुझी एचआर मात्र अख्ख्या पॅकेजवर १५ टक्के कापू बघतेय. म्हणजे बेसिक कमी, त्यावरचा पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी, पुढच्या वर्षीची वाढ कमी झालेल्या आकड्यावर, आणि नवीन नोकरीसाठी गेलीस की "आत्ता किती घेता" ला उत्तरही कमी. चार वर्षांनी आईची तब्येत सुधारली, तू पुण्याला परत आलीस, तरी ते १५ टक्के आपोआप परत येत नाहीत.

म्हणून मागणी अशी ठेव, मेलवर. बेसिक आहे तेच राहू दे, फरक करायचाच असेल तर एचआरए किंवा लोकेशन अलाउन्स म्हणून वेगळी ओळ दाखवून त्यातून करा, आणि पुण्याला किंवा दुसऱ्या ऑफिसला परत आले तर ती ओळ पूर्ववत होईल हे पत्रात लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात वेतनाची व्याख्या बदललीय, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. बऱ्याच कंपन्या त्यामुळे पगाराची मांडणी नव्याने करतायत, म्हणजे तुझं पत्र नव्याने लिहून घ्यायला ही वेळ चांगली आहे.

दिल्लीच्या सहकाऱ्याबद्दल. खासगी क्षेत्रात पॉलिसीच्या कामाचा बाजार दिल्लीतच मोठा आहे, मंत्रालयं तिथे, संसद तिथे, ट्राय (दूरसंचार नियामक) आणि केंद्रीय वीज नियामक आयोग तिथे, सीआयआय आणि फिक्की या उद्योगसंघटनांची मुख्यालयं तिथे. ज्याला उठून अर्ध्या तासात मंत्रालयात भेटीला जाता येतं त्याला कंपन्या जास्त मोजतात. मुंबईचा भाव वित्त क्षेत्रात आहे, रिझर्व्ह बँक आणि सेबीमुळे, विम्याचं काम असेल तर नियामक हैदराबादला. तुझं काम यातल्या कुठल्या दारावर अवलंबून आहे ते बघ. त्या मुलाचा जास्तीचा पगार भेटीगाठींसाठी असेल तर ते समजण्यासारखं आहे, पण दोघंही स्क्रीनवर बसून मसुदेच वाचत असाल आणि टीम तूही सांभाळत असशील, तर तुझ्या मॅनेजरला सरळ विचार की माझ्या आणि त्याच्या कामात नेमका फरक काय धरलाय.

हे सगळं आईचं औषधपाणी बघता बघता करायचंय, त्यामुळे एका बैठकीत निकाल लावायच्या मागे लागू नकोस. आधी तीन महिन्यांसाठी तात्पुरतं कोल्हापूरहून काम करायची परवानगी माग, तात्पुरत्या काळात बहुतेक ठिकाणी बँड बदलत नाहीत, तुझ्या कंपनीचा नियम काय आहे तो एचआरकडून लेखी घे. तेवढ्या काळात तुझं काम तिथूनही नीट होतं हे सगळ्यांना दिसेल आणि मग बोलणी तुझ्या बाजूने होतील. कापलेल्या पगाराच्या पत्रावर तोपर्यंत सही करू नकोस, आणि काय उत्तर आलं ते मला नक्की कळव.